घरातली बेगमी : संकटकाळासाठी महिनाभराचं राशन कसं जमवायचं?

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवली, भिवंडी. या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक घराने गेल्या वीस-एकवीस वर्षांत एकदा तरी तो दिवस पाहिला आहे. दुकान बंद, लोकल बंद, नळाला पाणी नाही, आणि घरातल्या डब्यात हात घातला की तळ लागतो. असा दिवस सांगून येत नाही. पण त्याची तयारी आधी करता येते, आणि त्यासाठी खूप पैसे किंवा मोठं घर लागतं असंही नाही. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती.

आपल्याकडे काय काय घडलं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईबरोबरच उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं आणि वर्षभराचे गहू-तांदूळ भिजून कुजले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या पावसात कल्याण परिसरातल्या सखल भागांतही पाणी भरलं.

मग आला लॉकडाऊन. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशभर बंदची घोषणा झाली आणि त्याच रात्री लोक किराणा दुकानांपुढे धावले. महिन्याभरात, २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. ज्या घरात आधीपासून थोडंफार भरलेलं होतं, तिथे सेहरी-इफ्तारची चिंता कमी होती. रोज कमावून रोज आणणाऱ्या घरांचे हाल झाले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. सोसायटीचे पंप थांबले, त्यामुळे वरच्या मजल्यांवर पाणीही बंद.

संकट वेगवेगळं होतं, पण प्रत्येक वेळी प्रश्न तेच होते. खायला काय आहे, प्यायला पाणी किती आहे, आणि शिजवायचं कशावर?

ही काही नवी गोष्ट नाही

कोकणातून मुंब्रा-कौशात, कल्याणात येऊन राहिलेल्या कुटुंबांना 'आगोट' हा शब्द माहीत आहे. पावसाळा लागण्याआधी मे महिन्यात घराघरात बेगमी व्हायची. तांदूळ, कडधान्य, मसाला, पापड, कोकम, चिंच, सुके बोंबील, सुकट, सोडे. जूनमध्ये मासेमारी बंद, रस्ते बंद, म्हणून चार महिन्यांची सोय आधीच. आपल्या दादी-नानी याला 'पँट्री' म्हणत नव्हत्या, इतकंच.

दीनच्या दृष्टीनेही यात काही वावगं नाही. सूरह यूसुफमधला किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. सात वर्षं पीक चांगलं येईल, तेव्हा लागेल तेवढंच खा आणि बाकीचं कणसासकट राखून ठेवा, असा सल्ला हजरत यूसुफ (अलै.) यांनी दिला. पुढच्या सात दुष्काळी वर्षांत तेच धान्य कामी आलं. प्रेषित (स.अ.) यांनी आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचं अन्न बाजूला ठेवल्याचं हदीसमध्ये येतं. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे.

पण साठेबाजी वेगळी. टंचाई असताना माल दाबून ठेवायचा आणि भाव चढवायचा, त्याला इहतिकार म्हणतात आणि तो गुन्हा आहे. बेगमी आणि साठेबाजी यांतला फरक कधी खरेदी करता आणि कशासाठी करता यावर ठरतो. बाजारात माल भरपूर असताना, हळूहळू, घरापुरतं घेतलं तर ती बेगमी. संकट दारात आल्यावर दहा पोती उचलली तर दुसऱ्याच्या ताटातलं घेतलं. उलट ज्यांच्या घरी आधीच भरलेलं आहे, त्यांनी त्या दिवशी रांगेत उभंच राहू नये. तेवढा माल रोजंदारीवाल्यांना मिळेल.

किती लागतं? सोपा हिशेब

एकदम वर्षाचा विचार करू नका. पहिलं ध्येय दोन आठवडे, मग एक महिना, आणि जमलं तर तीन महिने. समजा कौशातल्या एका घरात पाच माणसं आहेत. दोन आठवड्यांसाठी साधारण असं लागेल:

• तांदूळ आणि गहू/पीठ मिळून : माणशी रोज ३०० ग्रॅम, म्हणजे २१ किलो
• डाळी व कडधान्य : माणशी रोज ६० ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो
• तेल : माणशी रोज २५ मिलि, म्हणजे पावणेदोन लिटर, दोन लिटर धरा
• साखर किंवा गूळ : दीड किलो
• मीठ : एक किलो पुरून उरतं
• कांदे-बटाटे : सहा-सात किलो, लसूण, सुकी मिरची, हळद, मसाला, चहा
• खजूर, भाजलेले चणे, पोहे, टोस्ट, दुधाची पावडर

एका महिन्यासाठी हेच दुप्पट करा. पण कांदे-बटाटे दुप्पट करू नका, दमट हवेत ते टिकत नाहीत.

इथे बरेच जण एक चूक करतात. गहू टिकतो म्हणून सगळा साठा गव्हाचाच करतात. पण वीज नसेल किंवा चक्की बंद असेल तर गव्हाचं करणार काय? म्हणून तांदूळ जास्त ठेवा आणि चार-पाच किलो पीठ नेहमी दळून तयार ठेवा. खिचड्याचा सडलेला गहू किंवा दलिया घरात असेल तर तो चक्कीशिवाय शिजतो.

दुसरी चूक गॅसची. राजमा, छोले, जुनी झालेली तूरडाळ शिजायला वेळ लागतो. सिलिंडर संपत आला असेल तर तेच जड जातं. मसूर आणि मूगडाळ लवकर शिजते, ती जास्त घ्या. सिलिंडर दोन असतील तर एक संपला की लगेच दुसरा नोंदवा, दोन्ही रिकामे होईपर्यंत थांबू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र पेटवू नये, तिच्या धुराने जीव जातो.

घरातलं कुणीही चूल न पेटवता खाऊ शकेल असं दोन-तीन दिवसांचं वेगळं काढून ठेवा. भिजवलेले पोहे आणि गूळ, खजूर, चणे, शेंगदाणे, सातूचं पीठ, चिवडा.

पाणी विसरू नका

अन्नाचा विचार सगळे करतात, पाण्याचा थोडेच. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज किमान चार लिटर धरा. पाच जणांना तीन दिवस म्हणजे ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. स्वच्छ धुतलेले, झाकण घट्ट बसणारे, सावलीत ठेवलेले. महिन्यातून एकदा ते पाणी भांडी-कपड्यांना वापरून पुन्हा भरा. उघडी पिंपं ठेवू नका, त्यात डेंग्यूचे डास होतात.

पुरानंतर नळाचं पाणी गढूळ आलं तर आधी कापडातून गाळा, मग खळखळून उकळा. गॅस कमी असेल तर मेडिक्लोर वापरा, थेंब किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे (चहाचे) साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला धोका असतो.

साठवायचं कसं?

आपल्याकडची खरी शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर धान्याला ओल धरते, मग टोके-पोरकिडे आणि बुरशी. म्हणून हे काम मे महिन्याच्या उन्हात उरकायचं.

धान्य गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. दाताखाली गव्हाचा दाणा कडक वाजला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि त्यानेच कीड होते. डबे पत्र्याचे, स्टीलचे किंवा घट्ट झाकणाचे जाड प्लास्टिकचे. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा थोड्या लवंगा. तूरडाळीला हलका एरंडेलाचा हात. रवा, बेसन कमी प्रमाणात आणा, फ्रीज असेल तर त्यात ठेवा. सुके मासे पुन्हा एकदा वाळवून वेगळ्या डब्यात, नाही तर सगळ्या घराला वास.

एक इशारा. बाजारात मिळणाऱ्या सेल्फॉससारख्या गोळ्या धान्यात टाकून घरात ठेवू नका. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो, आणि लहान घरात, जिथे सगळे एकाच खोलीत झोपतात, तिथे तर अजिबात नाही. पारदच्या गोळ्या आणि बोरिक पावडर हेही खाण्याच्या धान्यापासून दूरच बरं.

जागा कुठून आणायची? वन रूम किचनमध्ये कोठी कुठे ठेवणार, हा प्रश्न रास्त आहे. पलंगाखाली सपाट डबे, माळ्यावर हलक्या वस्तू, दाराच्या वरची फळी. तळमजल्यावर किंवा खाडी-नाल्याजवळ राहत असाल तर नियम एकच, जमिनीवर काहीही नाही. धान्य माळ्यावर किंवा उंच मांडणीवर. पाणी शिरलेल्या घरातलं भिजलेलं धान्य, पीठ, पाकिटं वाळवून खाऊ नका. त्या पाण्यात गटाराची घाण असते, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो असतो. नुकसान सोसा, पण फेकून द्या.

पैसे कसे जुळवायचे?

एका दिवसात पाच-सात हजारांचं सामान भरणं सगळ्यांना शक्य नाही, आणि गरजही नाही. दर आठवड्याच्या खरेदीत एक-दोन वस्तू जास्त घ्या. या आठवड्यात दोन किलो तांदूळ, पुढच्या आठवड्यात एक किलो मसूर, मग तेलाची पिशवी. तीन-चार महिन्यांत घर भरतं आणि खिशाला कळतही नाही. तीन-चार कुटुंबं मिळून ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किंवा कल्याणच्या घाऊक बाजारातून पोतं आणलं तर स्वस्त पडतं. वाटणी वजन करून करा, म्हणजे नंतर कुरकुर नको.

रेशन कार्ड चालू आहे का, घरातल्या सगळ्यांची नावं त्यात आहेत का, हे शांत काळातच तपासा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं. लॉकडाऊनमध्ये त्यावर आणखी माणशी ५ किलो मोफत दिलं गेलं. पण नाव कार्डात नसेल तर त्या वेळी धावपळ करून ते लागत नाही.

जुनं आधी, नवं नंतर

भरलं आणि विसरलं, तर ती बेगमी नव्हे, किड्यांची मेजवानी. प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी चिकटवा. नवा माल मागे, जुना पुढे. रोजच्या स्वयंपाकाला जुनंच काढायचं आणि संपलं तेवढंच परत आणायचं. म्हणून जे घरात कुणी खात नाही ते साठवूच नका. सवय नसलेले ओट्स संकटात मुलं खाणार नाहीत, खिचडी खातील.

वर्षातून दोनदा सगळे डबे उघडा. एकदा मे अखेरीस आगोटीला, एकदा शाबानमध्ये रमजानच्या आधी. साधारण असा अंदाज ठेवा : तांदूळ, गहू, डाळी नीट वाळवलेल्या असतील तर वर्षभर, पीठ पावसाळ्यात महिनाभर, रवा-बेसन दोन-तीन महिने, शेंगदाणे तेवढेच, नाही तर खवट होतात, तेल पाकिटावरच्या तारखेपर्यंत. तारीख जवळ आलेलं पण चांगलं असलेलं सामान आधीच कुणाला द्या. खराब झालेलं दान म्हणून देऊ नका, जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला कसं द्यायचं?

आणि हे काम एकट्या अम्मीवर टाकू नका. वाळवणं, चाळणं, डबे उचलणं हे कमरतोड काम आहे. पोती अब्बांनी आणि मुलांनी उचलावीत, तारखा मुलींनी-मुलांनी लिहाव्यात. साठा कुठे आहे आणि किती आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

डब्यासोबत एवढंही ठेवा

बीपी-शुगरची औषधं पंधरा दिवसांची जास्त, डॉक्टरांना विचारून. तान्ह्या बाळाचं दूध. टॉर्च आणि सेल, मेणबत्ती, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. चार्ज केलेली पॉवर बँक. थोडे रोख पैसे, कारण वीज गेली की मोबाइलवरचं पेमेंटही अडतं. रेशन कार्ड, आधारच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आणि आपत्कालीन ११२ भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट, आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाची. हिशेब करताना एका माणसाचं जास्त धरा. पाच जणांच्या घरात सहाव्याचं. शेजारी एकटी राहणारी म्हातारी असेल, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी कामगार पोरं असतील, ज्यांचं काम बंद पडल्या दिवसापासून खाणं बंद होतं. शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. डब्यात दोन वाट्या तांदूळ जास्त असतील तरच ते पाळता येईल. या रविवारी डबे उघडून बघा, किती दिवसांचं आहे ते मोजा, आणि पहिले दोन किलो आजच जास्त आणा. बाकी अल्लाह मालिक आहे.