मक्याचं इथेनॉल कसं होतं? काट्यावर जाण्याआधी हे समजून घ्या

मागच्या हंगामात मका विकायला नेला. मॉइश्चर १८ निघालं. व्यापाऱ्याने क्विंटलमागे ६ किलो कटती धरली. का, ते काही सांगितलं नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतला.

ऊस आणि मका यात एक फरक आहे. उसाच्या रसात, मळीत साखर तयारच असते. यीस्ट टाकलं की ती साखर खाऊन अल्कोहोल करतं. मक्यात मात्र साखर नाही, स्टार्च आहे. दाण्यात साधारण ७० टक्के स्टार्च. ते यीस्टला पचत नाही. आधी त्याची साखर करावी लागते.

हे काम एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? आपल्या थुंकीतलं अमायलेज नावाचं विकर स्टार्च तोडतं, म्हणून. कारखान्यात हेच काम सूक्ष्मजीवांपासून काढलेली विकरं करतात.

मका दळून पाण्यात कालवतात आणि तापवतात. त्यात अल्फा-अमायलेज टाकतात. ते बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून मिळतं आणि उकळीजवळच्या उष्णतेतही टिकतं. ते स्टार्चच्या लांब साखळीचे तुकडे करतं. मग ॲस्परजिलस बुरशीपासून काढलेलं ग्लुकोअमायलेज त्या तुकड्यांचं ग्लुकोज करतं. पुढे यीस्ट दोन-अडीच दिवसांत अल्कोहोल करतं. ते ऊर्ध्वपातनाने वेगळं काढून त्यातलं पाणी काढलं की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तयार. विकर स्वतः या कामात खर्ची पडत नाही, म्हणून ते थोडंसंच लागतं. १ टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात जातो.

आता आपल्या खिशाचं बघू. विकराला स्टार्च पाहिजे, पाणी नको. १८ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला तर साधारण ९५ किलो ३५० ग्रॅम भरतो. म्हणजे पाण्याची खरी घट पावणेपाच किलोच्या आत. त्यापेक्षा जास्त कटती लावली तर ती कशाची, वाळवणीच्या खर्चाची की आणखी कशाची, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. हमीभावाच्या खरेदीतही मर्यादा १४ टक्केच आहे.

दुसरी गोष्ट बुरशीची. ओल्या मक्यावर बुरशी येते, त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. इथेनॉल करताना ते नष्ट होत नाही. स्टार्च निघून गेल्यामुळे चोथ्यात त्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. तोच चोथा पशुखाद्यातून फिरून आपल्याच गोठ्यात येतो, आणि हे विष दुधातही उतरतं.

तेव्हा कणसं ढिगाने ठेवू नका. दाणे ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, काळे दाणे वेगळे काढा. आणि गाडी भरण्याआधी मॉइश्चर मोजून घ्या. आकडा आपल्याला माहीत असला की काट्यावर बोलता येतं.