जबाबदारी म्हणजे काय? : क्लार्कबाईंचा धडा

‘आधी लायक व्हा, मग हक्क मागा’ हा उपदेश शाळामास्तर म्हणून मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. राखीव जागांचा विषय निघाला, की शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी हे वाक्य उच्चारतोच. त्यामुळे ‘वैयक्तिक जबाबदारी’ हा शब्दच आपल्या कार्यकर्त्यांना संशयास्पद वाटू लागला आहे. संशय रास्त आहे. पण म्हणून तो शब्द प्रस्थापितांच्या हवाली करून मोकळे व्हावे काय? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. हे जुने नाते ध्यानात ठेवून मी या प्रश्नाचे उत्तर तिकडच्याच एका कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या चरित्रात शोधतो.

सेप्टिमा क्लार्क (१८९८–१९८७) यांचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरी झाला. वडील गुलामीत जन्मलेले. आई लोकांची धुणी धुणारी. १९१६ साली त्या शिक्षिका झाल्या. परंतु शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना मज्जाव होता. म्हणून त्यांनी जवळच्या जॉन्स आयलंड या बेटावर नोकरी धरली. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, १९५६ साली, राज्याने कायदा केला : कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेचा सभासद सरकारी नोकरीत राहणार नाही. सभासदत्व लपवणे सोपे होते. क्लार्कबाईंनी ते लपवले नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. ते परत द्यायला राज्याला १९७६ साल उजाडावे लागले.

त्या वेळी बाईंनी सातशेहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे लिहिली : या कायद्याविरुद्ध उभे राहा. उत्तरे आली सव्वीस. अधिकाऱ्याकडे जायला तयार झाले अकरा. प्रत्यक्ष आले पाच.

येथे आपण काय म्हटले असते? ‘समाजच नादान आहे’, असे म्हणून घरी बसलो असतो. बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. तयारी नसलेल्या माणसांना मी पुढे ढकलले, आधी त्यांची तयारी करून घ्यायला हवी होती, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा फरक नीट समजून घ्यावा. सत्ताधारी पीडिताला ‘दोष तुझाच’ म्हणतो, तेव्हा तो अन्याय झाकतो. कार्यकर्ता स्वतःला ‘मी कोठे कमी पडलो?’ असे विचारतो, तेव्हा तो अन्यायाविरुद्धच्या पुढच्या लढ्याची तयारी करतो. शब्द तोच, पण त्याचा उच्चार कोण करतो आणि कोणासाठी करतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

ती तयारी जॉन्स आयलंडवर घडली. तेथील इसॉ जेन्किन्स हे बेटावरच्या लोकांना आपल्या बसमधून शहरात कामाला नेत. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. एका प्रवासी बाईने जेन्किन्सना विनवले : मला वाचायला शिकवा, मला मत द्यायचे आहे. टेनेसीतील हायलँडर फोक स्कूलच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढच्या बाजूला किराणा दुकान, मागच्या खोलीत शाळा. गोऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ही युक्ती. शिकवायला बर्निस रॉबिन्सन. त्या व्यवसायाने केस विंचरून-सजवून देणाऱ्या. अध्यापनाची कसलीही पदवी नाही. त्यांनी लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवली आणि विद्यार्थ्यांनाच विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? नाव लिहायचे आहे, बायबल वाचायचे आहे, मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे. तोच अभ्यासक्रम ठरला.

वाचनाची अट न्याय्य आहे, असे या मंडळींनी कधीच मानले नाही. लायकी सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर कुलूप तोडण्यासाठी ती माणसे अक्षरे शिकली. १९६१ साली हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतले आणि ते दक्षिणेतील राज्यांत पसरले. शिकलेले कित्येक जण पुढे शिकवू लागले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा परीक्षांनाच आळा घातला. शिकणे आणि कायदा बदलणे एकाच वेळी चालले होते. आधी हे, मग ते, असा क्रम नव्हता.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका सहकाऱ्यावर अन्याय झाला. निवेदन माझ्यापुढे आले. मुलीचे लग्न तोंडावर आहे, असे सांगून मी सही टाळली. त्या सातशेंतला एक मीही होतो. अन्याय करणाऱ्यांची जबाबदारी माझ्या भित्रेपणामुळे तसूभरही कमी होत नाही. पण माझी सही माझ्याऐवजी दुसरा कोणी करणार नव्हता. वाचकहो, तुमच्यापुढे असा कागद येईल, तेव्हा क्लार्कबाईंच्या त्या पाचांना आठवा.