‘काही करत नाही हो तो!’

कुत्रा चावला की आपण इंजेक्शन घेतो आणि विषय सोडून देतो. पण नुकसानभरपाई मागता येते. कुणाकडे, कशी आणि त्यासाठी कोणते कागद लागतात?

लिफ्टचं दार उघडतं, आत पट्टा ताणून उभा असलेला कुत्रा. मालक हसून म्हणतात, ‘घाबरू नका, काही करत नाही हो तो!’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एखाद्या दिवशी खरं नसतं. पोटरीला दात लागतात आणि पुढचा महिनाभर इंजेक्शनच्या तारखा सांभाळत बसावं लागतं. प्रॅक्टिकल बुडतं. पार्टटाइम डिलिव्हरी करणाऱ्याचा रोजचा पैसा बुडतो. घरी सांगितलं तर ‘तू कशाला गेलास तिकडे?’ आणि मित्रांत सांगितलं तर चौदा इंजेक्शनांचा जुना जोक.

या सगळ्याचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पेइंग गेस्ट म्हणून राहणारे तर नाहीच नाही. घरमालकाचाच कुत्रा असेल तर बोलायचं कसं?

पण विचारायला हवं. कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त तो आपणहून दारात येत नाही.

कुत्रा पाळीव असेल तर

इथे जबाबदार कोण हे स्पष्ट असतं: मालक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ याच विषयावर आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्ष जखम झाली असेल तर कलम १२५ सुद्धा लागू शकतं.

हे नुसतं पुस्तकात नाही. २०१८ मध्ये वरळीतल्या एका इमारतीत ‘मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा’ असं सांगूनही एका मालकाने कुत्रा लिफ्टमध्ये आणला आणि तो शेजाऱ्याला चावला. मे २०२५ मध्ये त्या मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याआधी २०१० मध्ये मुंबईतच एका ज्येष्ठ नागरिकाला रॉटवायलर चावला होता. त्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती जानेवारी २०२३ मध्ये.

वर्षं मोजा. एका प्रकरणाला सात, दुसऱ्याला बारापेक्षा जास्त. शिवाय शिक्षा झाली म्हणजे तुमचा खर्च भरून निघाला, असंही नाही. दंड सरकारजमा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली त्यातून पीडिताला भरपाई देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, पण ते कोर्टावर अवलंबून.

पैशांसाठी खरा रस्ता दिवाणी दाव्याचा. औषधोपचार, प्रवास, बुडालेली कमाई, वेदना, राहिलेला व्रण, हे सगळं त्यात मागता येतं. कुत्रा आधीही कुणाला चावला होता आणि मालकाला ते माहीत होतं, हे दाखवता आलं तर बाजू खूप भक्कम होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काल वॉचमनकाकांवर धावून गेला’ असा मेसेज पडला असेल, तर तो पुरावा आहे. डिलीट करू नका. उलट तुम्हीच कुत्र्याला डिवचलं असेल किंवा न विचारता घरात शिरला असाल, तर दावा तितकाच लुळा पडतो.

दाव्याआधी एक सोपी पायरी आहे. वकिलाची नोटीस, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व तडजोडीसाठी अर्ज. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं. मुलींसाठी महत्त्वाचं: महिलांना इथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनाही तोच हक्क आहे.

भटका असेल तर

‘रस्त्यावरच्या कुत्र्याचा मालक कोण?’ असं म्हणून आपण इथे विषय संपवतो. पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत.

पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यावर थेट दरपत्रकच दिलं. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये. मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार. म्हणजे चार दातांच्या खुणा असतील तर किमान ४० हजार. पैसे आधी सरकारने द्यायचे, नंतर हवं तर जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायचे. जिल्हा पातळीवरच्या समितीने चार महिन्यांत निर्णय द्यायचा. केरळमध्ये तर सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली होती. कुत्रा चावलेले लोक तिच्याकडे भरपाईसाठी अर्ज करू शकत होते.

पण पंजाब-हरियाणाचं दरपत्रक आपल्याकडे आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रात बिबट्याने हल्ला केला तर वनखात्याचे भरपाईचे ठरलेले आकडे आहेत. कुत्र्यासाठी मात्र महापालिकेकडे लेखी मागणी करायची, आणि दाद लागली नाही तर कोर्टात जायचं. हायकोर्टात रिट याचिका करून तिथे पंजाबच्या निकालाचा दाखला देता येतो.

दिवाणी दावा करायचा असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. महापालिका कायद्यांनुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. ‘परीक्षा झाली की बघू’ म्हणणाऱ्यांचं सेमिस्टर संपतं आणि मुदतही.

कॅम्पसवर चावला तर

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने शिक्षणसंस्था, रुग्णालयं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्याबद्दल स्पष्ट सांगितलं: आवाराला कुंपण घाला, भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा, पुन्हा तिथेच सोडू नका. देखरेखीसाठी नोडल अधिकारी नेमा आणि त्याचं नाव प्रवेशद्वारावर लावा. तुमच्या कॉलेजच्या गेटवर असा फलक आहे का? नसेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या. कुणी चावून घेण्याआधी दिलेला अर्ज नंतर फार कामाला येतो. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

आणि हो, रागाच्या भरात कुत्र्याला काठीने बदडायला जाऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तोही गुन्हा आहे. फिर्यादी व्हायचं सोडून आरोपी व्हाल.

चावल्यावर काय कराल?

१. आधी जखम. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.

२. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल विचारा. पुढचे डोस चुकवू नका. रेबीज झाल्यावर उपचार जवळजवळ नाहीच.

३. केसपेपरवर ‘कुत्रा चावल्याने जखम’ हे शब्द, तारीख, वेळ, ठिकाण, जखमेचा आकार आणि दातांच्या खुणा लिहून घ्या. भरपाईचा सगळा डोलारा या एका कागदावर उभा राहतो.

४. जखमेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्या जागेचे, कुत्र्याचे आणि जमल्यास पट्ट्याचेही काढा. सीसीटीव्ही फूटेज लगेच मागा, काही दिवसांत ते पुसलं जातं.

५. पाहणाऱ्यांची नावं आणि नंबर टिपून ठेवा.

६. पाळीव कुत्रा असेल तर पोलिसांत तक्रार, भटका असेल तर महापालिकेत अर्ज. दोन्हीकडे पोच किंवा आवक क्रमांक घ्या.

७. बिलं, रिक्षाचा खर्च, बुडालेल्या कामाचा हिशेब आणि कॉलेजला दिलेला रजेचा अर्ज एकाच फाइलमध्ये ठेवा.

भरपाई हातात पडेलच आणि लवकर पडेल, असं कुणी सांगू शकत नाही. पण नोंदच नसलेला चावा कुणाच्याच हिशेबात येत नाही. मालक म्हणतो ‘पहिल्यांदाच झालं’, महापालिका म्हणते ‘तक्रार नाही’. तुमच्या आधी त्याच गल्लीत पाच जणांना चावला असेल, पण पाचही जण इंजेक्शन घेऊन गप्प घरी गेले. सहाव्याने अर्ज दिला, तर सातव्याला निदान ‘पहिल्यांदाच झालं’ हे ऐकावं लागणार नाही.