मालाच्या गाडीचे पाटे आणि शॉक निवडताना

व्यापारी बंधू मालासाठी लहान गाडी घेतात तेव्हा इंजिन पाहतात, ॲव्हरेज विचारतात, टायर ठोकून बघतात. गाडीखाली वाकून पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर पाहणारे फार थोडे. पाटा तुटून गाडी रस्त्यात बसली म्हणजे त्याची आठवण होते. मग घाईत जे मिळेल ते बसवले जाते आणि नुकसान तिथूनच सुरू होते.

माझाच अनुभव सांगतो. आमच्याकडे मालवाहू ओम्नी होती. भिवंडीहून मुंबईला कापडाच्या गाठी जात. गाडी मागून बसू लागली तेव्हा एका गॅरेजवाल्याने सांगितले, "सेठ, एक पाटा जास्त चढवून देतो, मग कितीही भरा." मीही खूष झालो. भरलेली गाडी ताठ उभी राहू लागली. परंतु पावसाळ्यात माल उतरवून परत येताना ड्रायव्हरने कशेळी पुलाजवळ ब्रेक मारला आणि रिकामी गाडी मागून उसळून आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून ड्रायव्हर बचावला. पैसे वाचवले असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला होता. त्यानंतर जाणकार कारागिरांकडून जे समजून घेतले ते येथे देत आहे.

दोघांची कामे वेगळी

वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे. ती पाट्यांची असो की गोल गुंडाळीची, तत्त्व एकच. शॉक वजन पेलत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, ती उसळी शॉकमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना जिरवते. म्हणून गाडी बसत असेल तर नवा शॉक लावून ती उठणार नाही, आणि गाडी डुलत असेल तर पाटा वाढवून ती थांबणार नाही. आधी दुखणे कोणते ते ओळखावे.

स्प्रिंग कडक केली तर तिची उसळीही जोरदार होते. ती आवरायला शॉकही तसाच हवा. आमच्या ओम्नीत पाटा वाढला, शॉक मात्र जुने आणि थकलेले राहिले. भरलेल्या गाडीत ते लपले. रिकाम्या गाडीत चाके रस्ता सोडून उडू लागली, आणि हवेत उडालेल्या चाकाला ब्रेक कसा लागणार?

थोड्या जाडीचा मोठा फरक

पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. पण ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीचे पाटे घातले तर तो सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा हिशेब तिप्पट गुणाकाराने होतो. गोल स्प्रिंगमध्ये तर तारेच्या जाडीचा चौपट गुणाकार असतो. तार १२ ऐवजी १३ मिलिमीटर झाली की कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो. म्हणून "एक मिलिमीटरने काय होते" असे म्हणू नये. गोल स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली घेणारे लोक आहेत. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते आणि तिचे टोकही नीट बसत नाही. हे काम कधीही करू नये.

आपल्या गाडीची रचनाही ठाऊक असावी. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, तरी जुन्या गाड्या अजून धावतात. तिला पुढे स्ट्रट आणि मागे पाटे आहेत. ईकोला मागेही गोल स्प्रिंग आहेत. २००५ साली आलेल्या टाटा एसला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे. एकीचा इलाज दुसरीला चालत नाही. स्ट्रटमधली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती काढण्याचे दाबयंत्र ज्या गॅरेजात नसेल तिथे ते काम देऊ नये. सुटलेली स्प्रिंग कारागिराला जायबंदी करू शकते.

ब्रेकचा लपलेला धोका

काही गाड्यांत मागील ॲक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये एक दांडी असते. ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला गाडीतील वजन सांगते. माल भरला की बॉडी खाली येते आणि व्हॉल्व्ह मागील ब्रेकला जास्त जोर देतो. जादा पाटे चढवले की भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो. गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आपल्या गाडीला अशी दांडी असेल तर पाट्यांत बदल केल्यावर तिची जुळणी तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

जुना पाटा तापवून घ्यावा काय?

बसलेला पाटा तापवून पुन्हा वाकवून देण्याचे काम स्वस्तात होते. मात्र स्प्रिंगचे पोलाद साध्या लोखंडासारखे नाही. ते साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते आणि नंतर ४०० ते ५५० अंशांवर पुन्हा ताव द्यावा लागतो. नुसते तापवून, ठोकून, हवेत गार केलेला पाटा मऊ पडतो आणि लवकर बसतो. पाण्यात विझवलेला ठिसूळ होऊन तडकतो. ताव देण्याची सोय असलेल्या कारागिराकडेच हे काम द्यावे. तडा गेलेल्या पाट्याला वेल्डिंग तर मुळीच करू नये.

खरेदीच्या वेळी

पाटे आणि शॉक नेहमी जोडीने, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे बदलावेत. शॉकवर तेल पाझरले आहे काय, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला आहे काय, गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा उठून थांबते की डुलत राहते, हे पाहावे. नवा शॉक जुन्याशेजारी धरून पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली लांबी मोजावी. गाडी उंच झाली आणि शॉक आखूड राहिला तर तो ताणून फुटतो. रबरी बुश, यू-बोल्ट आणि मधला बोल्ट नवीन घ्यावेत. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसावेत. गाडी लटकत असताना कसले तर रबर पिळून लवकर फाटते. काही दिवस गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत. पक्की पावती घ्यावी. जो दुकानदार पावती देत नाही त्याचा माल स्वस्त असूनही महाग पडतो.

वजनाचा हिशेब

आरसी बुकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उरते त्यात ड्रायव्हर, हमाल आणि माल सर्व आले. ६० किलोच्या १० गाठी म्हणजे ६०० किलो, वर दोन माणसे. हा हिशेब कागदावर मांडावा. पाटे वाढवल्याने ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. कायद्यानेही परवानगीचे वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा मालाला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २ हजार रुपये दंड आहे.

रोजचा माल खरोखरच जास्त असेल तर दोन फेऱ्या कराव्यात अथवा मोठी गाडी घ्यावी. कंपनीने त्याच मॉडेलसाठी मदतीचा पाटा दिला असेल तर तो बसवावा. तो वजन पडल्यावरच टेकतो आणि रिकामी गाडी नरम राहते.

आम्ही शेवटी जादा पाटा काढला, मूळ मापाचे पाटे आणि नवे शॉक एकदम बसवले आणि गाठी कमी भरू लागलो. फेऱ्या वाढल्या, डिझेल-पेट्रोलचा खर्चही थोडा वाढला. मात्र पावसात गाडी परतायला उशीर झाला तर पूर्वीसारखी छातीत धडधड होत नाही. आपल्या मालाबरोबर दुसऱ्याच्या घरचा कमावता माणूस रस्त्यावर असतो, हे पाटा निवडताना विसरू नये.