इंजिनाची शिट्टी : जुन्या गाडीतला एक स्वस्त व्हॉल्व्ह

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांपैकी अनेकांच्या दारात नवीन गाडीच्या शेजारी एखादी जुनी कॅमरी नाहीतर अकॉर्ड उभी असतेच. कुणी ती विद्यार्थी असताना घेतलेली, कुणी मुलांना ड्रायव्हिंग शिकवायला ठेवलेली. दीड-दोन लाख मैल झालेले, पण गाडी काही थांबायचं नाव घेत नाही. अशा गाडीचं ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायर बघतो, ब्रेक बघतो. पण एक बोटभर लांबीचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्याचं नाव पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह.

आम्ही तीन-चार मित्र दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून शनिवारी हात काळे करणारे. आमचं मत असं की जुन्या गाडीसाठी इतक्या कमी पैशात इतका फायदा देणारं दुसरं काम क्वचितच असेल.

हा व्हॉल्व्ह करतो काय?

घरातला कुकर आठवा. शिट्टीच्या भोकात डाळ अडकली की वाफ दुसरी वाट शोधते, आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडून डाळ छतावर! इंजिनाचंही तसंच आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, जिथे ऑइल असतं त्या क्रँककेसमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. इंजिन नवीन असो वा जुनं, हे होतंच. जुन्यात जास्त होतं. या गॅसमध्ये न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्ल तयार करणारे घटक असतात. तो बाहेर काढला नाही तर दाब वाढतो आणि ऑइलचा चिखल, ज्याला स्लज म्हणतात, तो होऊ लागतो.

पूर्वीच्या गाड्यांमध्ये हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. मग लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा प्रश्न उभा राहिला. कॅलटेकचे प्राध्यापक आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुरकं बनतं. पुढे १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने पीसीव्ही सक्तीचा ठरवला आणि १९६३ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत तो सर्रास बसू लागला. गाडीच्या प्रदूषणावरचा हा अगदी पहिला इलाज.

युक्ती साधी आहे. गॅस बाहेर सोडायचा नाही, इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने ओढून परत इंजिनातच जाळायचा. व्हॉल्व्हच्या आत एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो. गाडी सिग्नलला उभी असताना ओढ जोरदार पण गॅस कमी, तेव्हा दट्ट्या वाट अरुंद करतो. हायवेवर ओढ कमी आणि गॅस जास्त, तेव्हा वाट मोकळी होते. बॅकफायर झालाच तर वाट बंद होते, म्हणजे ज्वाळा क्रँककेसमध्ये जात नाही.

(आपल्यापैकी अनेकांचं यंत्रज्ञान चेतकचा प्लग साफ करण्यापर्यंतचं! टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रणच क्रँककेसमधून जातं, त्यामुळे तिथे या व्हॉल्व्हशी गाठ पडलीच नाही.)

बिघडला तर?

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून झिरपू लागतं. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला ओल दिसते, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येतं. उघडा अडकला तर जास्तीची हवा आत जाते, इंजिन उभ्या जागी थरथरतं, ऑइल कमी होतं, आणि कधीकधी 'चेक इंजिन' दिवा लागून पी ०१७१ हा कोड येतो. मिडवेस्टच्या थंडीत आणखी एक भानगड असते. रोज दोन-तीन मैलच गाडी चालवली तर इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी होतं आणि ते नळीत गोठून वाट बंद करू शकतं.

खरी मेख पुढेच आहे. आमच्यातल्या एकाच्या १९९९ च्या कॅमरीतून ऑइल गळायला लागलं. एका गॅरेजने मागचं मेन सील बदलायला सांगितलं. सील काही डॉलरचं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच गाडीच्या किमतीला भिडते. गाडी विकायची तयारी झाली होती. आम्ही आधी व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर तो काळ्या राळेने ठार बंद! नवा बसवल्यावर गळती बरीच कमी झाली. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट मात्र बदलावं लागलंच, पण मेन सीलला हात लावावा लागला नाही. दाबाचं कारण तसंच ठेवून नवं सील बसवलं असतं, तर तेही फार दिवस टिकलं नसतं.

बदलायचा कसा?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. त्या कॅमरीत व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह कव्हरवरच्या रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला असतो आणि त्यावरून नळी इनटेककडे जाते. इतर गाड्यांत जागा वेगळी असते, मॅन्युअल बघा.

२. पक्कडीने क्लॅम्प सरकवा, नळी काढा, व्हॉल्व्ह हलकेच पिळत उपसा. काही गाड्यांत तो आट्यांचा असतो, तिथे पाना लागतो. बसवताना जोर करू नका.

३. जुना व्हॉल्व्ह कानाशी हलवा. खुळखुळला नाही तर अडकलाय. मात्र खुळखुळला म्हणजे ठणठणीत आहे असंही नाही, स्प्रिंग ढिली झालेली ऐकू येत नाही.

४. आपल्याच इंजिनाचा पार्ट नंबर बघून व्हॉल्व्ह घ्या. दिसायला सारखे असले तरी स्प्रिंगचं माप वेगळं असतं. ग्रोमेट कडक झालं असेल किंवा नळीला चिरा असतील तर तेही बदला.

५. बसवल्यावर इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. तो हलकेच खाली ओढला गेला तर काम झालं.

एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं आणि अनेक जुन्या गाड्यांत पाच ते वीस डॉलर लागतात. आम्ही साधारण दर ५० हजार मैलांना, बिघडायची वाट न बघता बदलतो. सर्व्हरची डिस्क भरायच्या आधीच जुन्या फाइल्स काढतो, तसंच!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कागद वर उडाला किंवा झाकणातून भसाभस धूर आला तर रिंगाच झिजल्या असाव्यात, तिथे व्हॉल्व्ह काही करू शकत नाही. आणि झाकणाखाली पांढरट साय दिसली, शिवाय कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि मेकॅनिकला दाखवा. अलीकडच्या काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच एकजीव असतो, तेव्हा आधी मॅन्युअल वाचा.

मात्र ऑइल गळतंय म्हणून मोठं एस्टिमेट हातात पडलं, तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : "पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासलात का?"