पाबळ आणि कामकऱ्याचें घरठाण

शिरूर तालुक्यांतील मौजे पाबळ हें इतिहासाच्या वाचकांस मस्तानीच्या कबरीमुळें परिचित आहे. बाजीराव पेशव्यांनीं तिला दिलेल्या इनाम गांवांत पाबळ होतें, व सन १७४० मध्यें ती निवर्तल्यावर तिचें दफन येथेंच झालें. प्रस्तुत लेखांत मात्र आम्हांस या गांवाचा विचार निराळ्या कारणानें करावयाचा आहे. कष्ट करून पोट भरणाऱ्यास खेड्यांत परवडणारें घर कसें मिळावें, या आजच्या प्रश्नाचीं दोन अंगें आहेत : एक बांधकामाचें व दुसरें जागेचें. पहिल्याचा प्रयोग पाबळांत झाला. दुसऱ्याचा इतिहास आमच्या वाचकांच्या रुमालांत बांधलेला आहे.

प्रथम बांधकाम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं सन १९८३ मध्यें पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापिला. तेथें ग्रामीण मुलांस हातानें काम करून शिक्षण देतां देतां एक घुमटाकार घर तयार झालें. तें 'पाबळ डोम' या नांवानें ओळखलें जातें. अमेरिकन स्थापत्यविचारक बकमिन्स्टर फुलर यांस सन १९५४ मध्यें ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तिचाच हा देशी अवतार होय. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून सांगाडा उभारावयाचा, त्यावर जाळी ताणून सिमेंटचा गिलावा करावयाचा. यांत आढें, तुळई व खांब लागत नाहींत, सामान थोडें लागतें, व गांवचे तरुणच तें उभारूं शकतात.

परंतु घर स्वस्त झालें तरी तें ठेवावयाचें कोठें? जुन्या गांवांत शेताची ती काळी व वस्तीची ती पांढरी. सुतार, लोहार, कुंभार यांस बलुत्याबरोबर पांढरींत घरठाणही असे. म्हणून वांटणीपत्रांत व महजरांत वतनाच्या जोडीला घरवाड्याचा उल्लेख येतो. नवी पेठ वसवितांना सरकार कौल देई. त्यांत वसावयास येणाऱ्या उदमी व कारागिरांस कांहीं वर्षें कर माफ करून पुढें तो क्रमानें चढविला जाई. माणूस यावा व टिकावा म्हणून त्याच्या राहण्याची सोय आधीं करावी, हें तत्त्व या कागदांत स्पष्ट दिसतें.

तथापि या व्यवस्थेचें केवळ गुणगान करणें न्याय्य होणार नाहीं. जागा जातीशीं व सेवेशीं बांधलेली होती. महारवाडा व मांगवाडा वेशीबाहेर होते. उपऱ्यास मिरासदाराचा हक्क नव्हता. ही गांठ सोडविण्याचा एक प्रयत्न सन १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें केला. जमीनमालकाच्या जागेंत स्वखर्चानें घर बांधून राहणाऱ्या कुळास सहज काढतां येऊं नये, अशी तजवीज त्यांत झाली, व कलम १८ अन्वयें ती शेतमजूर व कारागीर यांसही लागू केली.

तरी अडचण संपलेली नाहीं. सन २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेंत सपाटीच्या प्रदेशांत घरास १,२०,००० रुपये साहाय्य ठरलें. पण ज्यास जागाच नाहीं त्यास तें निरुपयोगी, म्हणून महाराष्ट्र शासनास सन २०१५ मध्येंच जागाखरेदीसाठीं निराळी योजना काढावी लागली होती. रांजणगांव व सणसवाडीच्या कारखान्यांतील परगांवचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. दौंडकडे येणारे ऊसतोडकरी हंगामभर कोप्यांत.

सन २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची मोजणी ड्रोननें होऊन घरांस मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. तिचा पूर्वप्रयोग पुणें जिल्ह्यांतील सोनोरी येथें झाला होता. मोजणीनें आजचा कब्जा कळेल. तो कसा आला हें घरठाणाच्या जुन्या कागदांवरूनच कळेल. आमच्या संग्राहकांचें लक्ष सनदा व राजपत्रांकडे अधिक असतें. सुताराच्या अथवा कुंभाराच्या घरचा कागद क्षुल्लक मानून रद्दींत जातो. तो गेल्यास इतिहासाचें एक साधन बुडेल, व कदाचित् एखाद्या कुटुंबाचा पुरावाही. यास्तव असा कागद दृष्टीस पडतांच त्याची नक्कल करून ठेवावी व मूळ कागद घरच्या माणसांच्याच हातीं सांभाळून ठेवण्यास सांगावें, अशी आमची विनंति आहे.