स्वतःची काळजी : चैन नव्हे, कर्तव्य

बऱ्याच वर्षांपूर्वी मी इंदुरातील एका रुग्णालयात काम करीत असताना तेथे एक वैद्यकीय समाजसेविका होत्या. गरीब रुग्णांच्या औषधांची सोय, नातेवाइकांचे सांत्वन, दात्यांशी पत्रव्यवहार, हे सारे त्या एकट्याच सांभाळीत. दुपारचा डबा अनेकदा न उघडताच घरी परत जाई. एके दिवशी मुलाच्या उपचारासाठी मदत मागणाऱ्या एका आईवर त्या ओरडल्या. सायंकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या बाई रडत होत्या आणि मला काहीच वाटले नाही. याचीच भीती वाटते." "सेवा म्हटली की सोसावे लागतेच," असे सांगून मी त्यांची बोळवण केली. त्या उत्तराची खंत मला आजही आहे.

ही अवस्था आज आपण 'बर्नआउट' म्हणून ओळखतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कार्यक्षमतेतील घट ही तिची तीन लक्षणे होत.

यांतील दुराव्याची झळ प्रथम पोहोचते ती मदतीसाठी आलेल्या माणसाला. म्हणूनच हा प्रश्न केवळ प्रकृतीचा न राहता नीतीचा होतो. अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली आपल्या आचारसंहितेत स्वतःच्या काळजीचा समावेश केला आणि तिला पोषक धोरणे आखण्याचे आवाहन संस्थांनाही केले. आपणा डॉक्टरांच्या जिनीव्हा प्रतिज्ञेतही २०१७ सालापासून स्वतःचे आरोग्य व क्षमता जपण्याचे वचन आहे, आणि तेही रुग्णाला उत्तम सेवा देता यावी यासाठीच.

मात्र केवळ 'विश्रांती घ्या' असे सांगून भागत नाही. कामाची वाटणी, ठरलेली सुट्टी, रजेच्या काळात जबाबदारी घेणारी दुसरी व्यक्ती आणि मन मोकळे करता येईल असा अनुभवी सहकारी, एवढे तरी संस्थेने पुरविले पाहिजे. त्या बाईंना सहनशीलतेच्या उपदेशाची गरज नव्हती. गरज होती ती एका मदतनिसाची. तशी मागणी व्यवस्थापनाकडे करणे माझ्या हाती होते. मी ती केली नाही.

आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरांतही तीच चार-दोन माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत राबताना दिसतात. आपण त्यांचे कौतुक करतो. पुढील शिबिराची आखणी करताना त्यांच्या जागी कोण उभे राहणार, हेही आपण आधीच ठरवावे, अशी माझी नम्र विनंती आहे.